ओकलेलं दूध मोजू नका, गिळलेलं मोजा

आधी प्रश्न थोडक्यात. पहिली मुलगी, पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम. पाचव्या दिवशी घरी आली तेव्हा २ किलो ६००, दीड महिन्याच्या लशीला ३ किलो ८००, आणि आता दहाव्या आठवड्यात ४ किलो २००. फक्त अंगावरचं दूध. पाजलं की दूध बाहेर येतं, कधी लगेच, कधी तासाभराने दह्यासारखं. संध्याकाळी पाठ ताठ करून रडते. मेडिकलमधून उलटीचे थेंब आणलेत, सासूबाई गुटी देतात, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलंय की पोट भरलेलं असताना पुन्हा पाजतेस म्हणून ओकते, तीन तास झाल्याशिवाय घेऊच नकोस. आईचं विचारणं असं की दूध अंगाला लागत नाही का, आणि डब्याचं (पावडरचं) दूध सुरू करू का?

मी आधी प्रसूती वॉर्डात सिस्टर होते, आता बरीच वर्षं स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. तुमच्या मुलीसारख्या बाळांचा कागद हातात आला की मी आधी उलट्यांकडे बघत नाही. वजनाच्या आकड्यांमध्ये किती दिवस गेले ते मोजते. पाचव्या दिवसापासून दीड महिन्यापर्यंत, म्हणजे ३७ दिवसांत, तुमची मुलगी १२०० ग्रॅम वाढली. दिवसाला साधारण ३२ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणजे तोवर ती उत्तम वाढत होती. पुढच्या २८ दिवसांत मात्र फक्त ४०० ग्रॅम, दिवसाला १४.

ओकत तर ती आधीही होती ना? मग तेच दूध, तेच पोट, तीच उलटी, आणि वाढ निम्म्याहून कमी. म्हणून माझा पहिला प्रश्न: सव्वा महिन्यानंतर घरात काय बदललं?

तुमच्याच पत्रात उत्तर आहे. सव्वा महिना झाला, तुम्ही स्वयंपाकघरात परत गेलात, आणि त्याच सुमाराला काकूंचा तीन तासांचा नियम आला. आधी दिवसरात्र मिळून दहा-अकरा वेळा घेत होतात, आता सहा-सात वेळा. तेही "एका बाजूला सात मिनिटं, दुसऱ्या बाजूला सात मिनिटं, जास्त झालं तर ओकेल" असं घड्याळ लावून.

आता हिशोब करू. सव्वाचार किलोच्या बाळाला दिवसाला अंदाजे किलोमागे १५० मिली दूध लागतं, म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास. नऊ-दहा वेळा पाजलं तर एका वेळेला ६५-७० मिली. ओकलेलं किती असतं ते बघायचं असेल तर एक प्रयोग करा. दोन चहाचे चमचे पाणी, साधारण १० मिली, कोरड्या दुपट्यावर ओता. केवढा डाग पडतो! बघणाऱ्याला वाटतं, सगळंच बाहेर आलं. आणि ओकण्याच्या डागात लाळही असते. दिवसात सहा वेळा असं झालं तरी साठेक मिली गेलं. उलटीच्या धाकाने तुम्ही जे तीन-चार वेळचं पाजणं गाळलंत, त्याचे दोन-अडीचशे मिली. बाळाचं वजन दुपट्यावर सांडलेलं नाही, ते न पाजलेल्या वेळांमध्ये राहिलंय.

हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता दारातूनच ओळखू येतं. बाळ ओकतं, म्हणून घरचे पाजणं कमी करतात. कमी पाजलं की स्तन कमी रिकामे होतात, आणि स्तन जितके रिकामे होतील तितकंच दूध पुढे तयार होतं, म्हणून दूधही घटतं. बाळ भुकेलं राहून रडतं, रडताना हवा गिळतं, मग अधाशासारखं ओढतं आणि आणखी ओकतं. पाठ ताठ करणं हे दर वेळी पोटात आम्ल वर आल्याचं लक्षण नसतं. भुकेलं, हवा भरलेलं, संध्याकाळी थकलेलं बाळही तसंच करतं. शिवाय सहा-आठ आठवड्यांच्या सुमाराला रडणं तसंही सगळ्यात जास्त असतं.

पण पुढे जाण्याआधी एक थांबा. मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून बाळ तपासता येत नाही. यातलं काही असेल तर वाचणं सोडा आणि बाळाला घेऊन निघा: उलटीचा रंग हिरवा, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, उलटी कारंज्यासारखी हातभर लांब जाणं आणि लगेच पुन्हा भूक लागणं, पोट फुगून कडक होणं, ताप, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, बाळ मलूल, पाजायलाही उठत नाही, शू खूप कमी. हिरव्या उलटीला तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. कारंज्यासारखी उलटी पहिल्या दोन महिन्यांत, जास्त करून मुलग्यांत, जठराचं खालचं तोंड अरुंद झाल्याने होते आणि छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होते. आणखी एक खूण सहसा कुणी सांगत नाही: दूध पिताना धाप लागणं, कपाळावर घाम येणं, दोन मिनिटं पिऊन थकून सोडणं. अशा वेळी हृदय तपासून घ्यावं लागतं.

तुम्ही लिहिलंय की ती हसते, आवाजाकडे बघते, ताप नाही, उलटी पांढरी, ओघळून येते. हे सगळं दिलासा देणारं आहे. तरीही बालरोगतज्ज्ञांना हे आकडे या आठवड्यात दाखवाच. वजन मंदावलेल्या बाळाची लघवी तपासणं मला गरजेचं वाटतं, कारण लघवीतला जंतुसंसर्ग ताप न येता नुसत्या उलट्या आणि कमी वजनाच्या रूपात दिसू शकतो. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही त्याच फेरीत करून घ्या. थायरॉईड बिघडलं तर दूध कमी येतं, आणि बाळंतिणीचा थकवा म्हणून ते झाकलं जातं.

दूध वर येतं ते का? अन्ननलिका आणि जठर यांच्या मध्ये स्नायूचं एक कडं असतं. ते या वयात मधूनच सैल पडतं. अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ, आणि बाळ दिवसभर आडवं. दूध वर येणारच. निम्म्याच्या आसपास तान्ह्या बाळांचं असं होतं. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते सगळ्यात जास्त असतं, बसायला लागल्यावर कमी होतं आणि बहुतेकांचं पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबतं. म्हणजे तुमची मुलगी पुढच्या महिन्यात वजनाने छान वाढेल आणि तरी आजच्यापेक्षा जास्त ओकेल, असं होऊ शकतं. तेव्हा घाबरून पुन्हा तीन तासांच्या नियमाकडे जाऊ नका.

आता खरं काम, म्हणजे तोंडात धरणं. बाळ नुसतं स्तनाग्र चोखत असेल तर अर्धा तास लागून राहूनही दूध थोडंच मिळतं, आणि ओठांच्या फटीतून हवा आत जाते. एकाच चुकीने वजनही मंदावतं आणि उलट्याही वाढतात. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घ्या. पोटाला पोट लागलेलं, तुमचा तळवा तिच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली मानेला आधार देणारी. डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ मागे ढकलतं. डाव्या हाताने स्तन खालून धरा आणि वडापाव खाताना आपण जसा तो ओठांच्या रेषेत दाबून धरतो तसा दाबा. स्तनाग्र तिच्या नाकासमोर ठेवा, तोंडासमोर नाही. वरच्या ओठाला हलकंसं लागलं की ती मान थोडी मागे टाकून तोंड उघडते. जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला स्तनाकडे आणा, हनुवटी आधी टेकली पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, काळ्या भागाचा खालचा बराच भाग तोंडात, वरचा थोडा दिसतोय, नाक मोकळं. दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. पहिल्या दिवशी दहा वेळा लावावं लागेल. लागू दे. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या चित्रफितींमध्ये हे मराठीतही पाहता येतं, मी आयांना बसवून दाखवते, कारण शब्दांपेक्षा बघून लवकर जमतं. नीट लावूनही दर वेळी सुटत असेल, दुखत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते कुणाकडून तरी तपासून घ्या.

मग ऐका. पान्हा फुटला की ओढण्याची लय बदलते: एक-दोन ओढ, मग गिळल्याचा बारीक आवाज. हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, तो थांबा म्हणजे तोंडभर दूध. काही मिनिटांनी ओढणं नुसतं थरथरल्यासारखं होतं, डोळे मिटतात. इथे बऱ्याच जणी "झालं" म्हणून काढून घेतात. काढू नका. स्तन हातात धरलेला आहेच, तो हळू दाबून धरा, ती पुन्हा गिळू लागेल. थांबली की सोडा, मग पुन्हा दाबा. दाबूनही गिळणं थांबलं की मगच ढेकर काढून दुसरी बाजू. स्तन जसजसा रिकामा होतो तसतशी दुधातली स्निग्धता वाढते, म्हणून सात-सात मिनिटांच्या घड्याळात तिला नेमकं वजनाचं दूध थोडं मिळत होतं.

तुमचा पान्हा जोरात येत असेल, सुरुवातीला ती ठसकत असेल, तर मागे रेलून बसा आणि बाळ तुमच्या अंगावर तिरकं, डोकं वर राहील असं घ्या. दूध वरच्या दिशेने ओढावं लागल्याने धार आटोक्यात राहते. ओकणाऱ्या बाळाला ही बैठक तशीही मानवते.

वेळा किती? २४ तासांत दहा तरी. त्यातल्या दोन रात्रीच्या, कारण रात्री पाजल्याने दूध वाढवणारं संप्रेरक चांगलं वाढतं. रडण्याची वाट बघू नका. मूठ तोंडाकडे नेली, मान वळवून शोधायला लागली की घ्या. आता ओकली आणि पाच मिनिटांत परत मागते? परत द्या. जठर रिकामं झालंय, भूक लागली असणार, यात काही बिघडत नाही. काकूंना राग आला तर माझ्या नावावर खपवा.

पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटं उभं धरा, खांद्याशी, पाठ सरळ. झोळीत किंवा कारच्या खुर्चीत लगेच घातलं तर बाळ कमरेत दुमडतं, पोटावर दाब येतो आणि दूध वर येतं. लंगोट, डायपर पोटावर आवळू नका. झोपवताना मात्र सपाट, पाठीवर. उशी देऊन डोकं वर करणं किंवा कुशीवर झोपवणं याने उलटी फारशी कमी होत नाही, श्वासाचा धोका मात्र वाढतो. मोहरीची उशीही झोपेत नको. "पाठीवर ओकली तर गुदमरेल" ही भीती सगळ्यांना असते. पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, आलेलं दूध बाळ गिळतं किंवा बाहेर टाकतं.

मालिशवाल्या बाईंची वेळ बघा. पोटभर पाजून लगेच मालिश, पोट चोळणं, पाय धरून उलटं करणं, मग कडक आंघोळ, मग "बघा, किती ओकते". आधी मालिश-आंघोळ, मग दूध आणि झोप. उलटं लटकवणं तर अजिबात नाही. त्यांच्याशी भांडायची गरज नाही, "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं.

गुटीबद्दल लिहिताना मला नेहमी जपून लिहावं लागतं, कारण वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळणारे हात प्रेमाचे असतात. माझ्या थोरल्यालाही माझ्या सासूबाईंनी दिली होती, आणि मी तेव्हा सिस्टर असूनही तोंड उघडलं नव्हतं. आज मी सहा महिन्यांआधी नकोच म्हणते. किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, जायफळाने बाळ गुंगतं आणि पाजायला उठत नाही, सहाण आणि पाणी यांतून जंतू जातात. वजन मंदावलेल्या बाळाला तर त्या दोन-चार चमच्यांची जागाही दुधासाठी हवी. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून येणाऱ्या जिवाणूच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. ग्राइप वॉटरही नको. पाणी, अगदी मे महिन्यातही नको. आईचं दूध बहुतांश पाणीच आहे.

मेडिकलमधले थेंब. उलटीच्या थेंबांत बहुतेक वेळा डॉमपेरिडोन असतं. बालकांच्या पचनविकारांच्या युरोपीय आणि उत्तर अमेरिकी तज्ज्ञ संस्थांनी २०१८ मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तान्ह्यांसाठी ते वापरू नये असंच सुचवलंय. फायदा फारसा दिसत नाही, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. आम्ल कमी करणारी औषधं नुसत्या ओकण्यासाठी किंवा रडण्यासाठी नसतात, त्यांनी पोटाचे आणि छातीचे संसर्ग वाढतात. तुमचे थेंब कोणी तपासून लिहून दिलेले नाहीत, तेव्हा ते बाजूला ठेवा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी बाळ तपासून दिलेलं औषध मात्र माझं वाचून बंद करू नका. व्हिटॅमिन डी चे रोजचे ४०० युनिट चालू ठेवा, त्याचा उलटीशी संबंध नाही. दुधात तांदळाची पेज घालून घट्ट करण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही सोडा. आईच्या दुधातला विकर (पचन करणारा घटक) पेजेतलं पिष्ट पचवतो, दूध पुन्हा पातळ होतं, आणि उष्टावणाचं वय अजून लांब आहे.

"दूध जड आहे, तुम्हीच दूध-तूप सोडा" असंही तुम्हाला सांगितलंय. आईचं दूध जड किंवा हलकं नसतं. गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते खरी, पण तिच्या खुणा असतात: शीमध्ये रक्त किंवा खूप शेंबडासारखी शी, अंगावर न जाणारा चट्टा, घरात दमा किंवा ॲलर्जी. तशी शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, तूप, दुधाची पावडर असलेली बिस्किटं पूर्ण बंद करायची, आणि बरं वाटलं तरी एकदा पुन्हा सुरू करून लक्षणं परततात का ते बघायचं. नाहीतर उगाच वर्षभर पथ्य. त्या काळात कॅल्शियमची गोळी, नाचणी, तीळ. तुमच्या बाळात या खुणा दिसत नाहीत. म्हणून चार घास व्यवस्थित खा. अळिवाचे लाडू आवडत असतील तर जरूर, पण दूध वाढतं ते स्तन रिकामे झाल्याने.

आता डबा. तुमचं दूध घटलं असेल तर ते आधी परत आणायचं. पाजून झाल्यावर दिवसातून तीन-चार वेळा हाताने दूध पिळून काढा आणि तेच पुढच्या वेळी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, बाटलीने नको. खोलीत ते चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी समजा. पहिल्या दिवशी चमचाभर निघालं म्हणून रडू नका, पिळणं हेही कसब आहे, दोन-तीन दिवसांनी हात बसतो. एवढं करूनही वजन हललं नाही तर डॉक्टर काही काळ वरचं दूध सांगतील. तेव्हा ते द्या, मोजून, स्वच्छ वाटीतून, पाजणं न थांबवता. बाळाला उपाशी ठेवून स्तनपान जिंकायचं नसतं. काही आयांना शस्त्रक्रियेमुळे किंवा स्तनांच्या घडणीमुळे खरोखरच कमी येतं. त्यांना मी अपराधी वाटू देत नाही आणि कुणी वाटू दिलं तर मला राग येतो.

वजन रोज करू नका. त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय, पाजण्याआधी. अंगणवाडीचा आणि दवाखान्याचा काटा वेगळा असेल तर दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका. शंभर ग्रॅमचा फरक तिथेच पडतो. माता बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात ठिपके जोडा. "हा तक्ता गोऱ्यांच्या मुलांचा" असं तुमच्या दिरांचं म्हणणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेली ही मानकं सहा देशांतल्या आईचं दूध पिणाऱ्या मुलांवरून केलेली आहेत आणि त्यांत दिल्लीची मुलं आहेत. तुमची मुलगी जन्माला ज्या रेषेजवळ होती तिच्या खाली घसरतेय, खालच्या सीमारेषेला टेकलीय. "आमच्याकडे सगळे लहानखुरेच" या वाक्याने ही घसरण समजावता येत नाही. लहानखुरं बाळ आपली रेषा धरून चालतं.

तर आज वजन करा, तारीख लिहा. घड्याळ उचलून ठेवा आणि स्वयंपाकघरातून आणखी पंधरा दिवस सुट्टी मागा, हे औषधाइतकंच लिहून देते म्हणावं. रोज २४ तासांत किती वेळा पाजलं आणि किती लंगोट ओले झाले एवढ्या दोनच गोष्टी कॅलेंडरवर मांडा. सहा किंवा जास्त चांगले ओले, शू फिकट, तर पाणी पुरतंय. सातव्या दिवशी त्याच काट्यावर पुन्हा. १७५ ग्रॅम किंवा जास्त वाढ असेल तर असंच चालू, पुढचं वजन चौदा आठवड्यांच्या लशीला. १०० ते १७५ च्या मध्ये असेल तर पिळलेल्या दुधाच्या वेळा वाढवा आणि कुणा प्रशिक्षित बाईला समोर बसून पाजताना बघू द्या. १०० च्या खाली असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कॅलेंडरचं ते पान सोबत न्या.